दोन सीटांची गाडी

माझा नवरा दर रविवारी जवळच्या गास गावी जाऊन एका जुन्या गाडीखाली आडवा पडतो, हे वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. जिन्यात भेटलेली बाई विचारायची, "काय म्हणते तुमची सवत?" हळदीकुंकवाला गेलं तरी वाण हातात पडायच्या आधी हाच विनोद पदरात पडायचा. मी हसायचे. लोकांचा अंदाज निम्मा बरोबर होता. माझा जळफळाट होत होता हे खरं, पण गाडीवर नाही. मी नवऱ्यावर जळत होते.

लिहिताना मी त्याला 'तो' म्हणते आहे. तोंडावर 'अहो' म्हणायचे, अजूनही म्हणते. त्या वर्षांत त्या एका 'अहो'बरोबर मी काय काय गिळलं, ते माझं मला माहीत.

मी सांगलीकडची. वडिलांचं तालुक्याच्या गावी गॅरेज होतं, ट्रॅक्टर आणि जीप दुरुस्तीचं. पोळी गोल लाटायला यायच्या आधी मला जीप रिव्हर्स घेता यायची. अठरा पूर्ण होताच लायसन काढलं, आणि लग्न होऊन वसईला आले तेव्हा ते दागिन्यांच्या डब्यात ठेवून आणलं. इथे आमच्याकडे गाडी कुठली, स्कूटर होती. तीही नवऱ्याची. मी मागे एका बाजूला पाय टाकून बसायचे. वालीवला एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात मला नोकरी होती, दिवसभर डायांची, म्हणजे साच्यांची, चित्रं काढायचे आणि संध्याकाळी रिक्षाने घरी यायचे. लायसन डब्यात पडून होतं.

नवरा नालासोपाऱ्याला एका बँकेत होता. तिथे गासचे एक मास्तर यायचे, ख्रिस्ती, शाळेत गणित शिकवायचे, घरची केळीची आणि फुलांची वाडी. नव्वदच्या दशकाच्या मधली गोष्ट. एकदा काउंटरवर बोलता बोलता मास्तर म्हणाले, वाडीतल्या शेडमध्ये मामाची गाडी पडली आहे, कोंबड्या अंडी घालतात तिच्यात. मामा बोटीवर इंजिनिअर होते, लग्न केलं नाही, सुट्टीला आले की बहिणीकडे म्हणजे मास्तरांच्या आईकडे उतरायचे. परदेशी परत निघालेल्या कुणा साहेबाकडून त्यांनी ती मुंबईत घेतली होती. नवऱ्याला गाड्यांची चित्रं कापून ठेवायची लहानपणापासूनची हौस. तो दुसऱ्याच रविवारी मला मागे बसवून गासला गेला.

मास्तरांनी ताडपत्री ओढली तेव्हा आधी दोन कोंबड्या उडाल्या आणि मग गाडी दिसली. ब्रिटिश बनावटीची, उघडी, दोनच सीटांची. नाव मुद्दाम देत नाही, शौकिनांना वर्णनावरून कळेल. लांब बॉनेट, तारांची चाकं, आणि दारं इतकी बुटकी की आत बसून हात खाली सोडला तर रस्त्याला लागावा. रंग कोणता होता ते सांगता येत नव्हतं. नवरा आणि मास्तर बॉनेटकडे धावले. मी ड्रायव्हरच्या बाजूला गेले आणि आत वाकून पाहिलं. तीन पेडल, एक ठेंगणा गिअर, समोर घड्याळासारखी गोल मीटरं. माझ्या पायांना त्या पेडलांची खाज सुटली, खोटं कशाला सांगू.

परत येताना स्कूटरवर मी नवऱ्याच्या कानात ओरडून सांगितलं, "ही चालू झाली की पहिली फेरी मी मारणार."

"आधी चालू तर होऊ दे," तो म्हणाला.

मी ते हो असं धरलं. त्याने तो विनोद असं धरलं. पुढची पाच-सहा वर्षं आमचं भांडण झालं नाही याचं कारण एवढंच, की हे दोन अर्थ एकमेकांना भेटलेच नाहीत.

दर रविवारी मिस्सा सुटली की काम सुरू व्हायचं. मास्तर चर्चमधून येऊन धुतला सदरा खुंटीला लावायचे आणि बनियनवर कामाला लागायचे. तिसरा गडी मीच आणला. माझ्या कारखान्याच्या मागच्या गल्लीत एका कोकणातल्या गृहस्थाचं लेथचं दुकान होतं. आमच्या ऑफिसची कामं तो करायचा, माझी ड्रॉइंगं त्याला तोंडपाठ. जुन्या गाडीचं कुठलंही बुश, कुठलीही पिन तो पितळातून किंवा लोखंडातून काढून द्यायचा. पहिल्या रविवारी तो माझ्या ओळखीने आला. तिसऱ्या रविवारी तो आणि नवरा एकाच सिगारेटवर होते. मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही तो नवऱ्याकडे बघून द्यायला लागला. ओळख माझी आणि यारी त्यांची. तिथून माझं पोट दुखायला लागलं.

खोलाखोली सुरू झाली तो दिवस मला लख्ख आठवतो. इंजिन बाहेर काढायचं होतं. आढ्याला साखळीची कप्पी बांधली, तिघेही साखळीला लागले. मी हात पुसून उभी. मास्तरांना वाटलं असावं, वहिनींना काहीतरी दिलं पाहिजे. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही ते स्टिअरिंगचं चाक काढा. हलकं काम आहे."

हलकं कसलं. मधला नट गंजून शाफ्टाशी एकजीव झालेला. मी वाडीत जाऊन रॉकेल आणलं, चिंधी भिजवून गुंडाळली, थांबले, हळूहळू ठोकलं, परत थांबले. वडील म्हणायचे, गंजलेल्या नटाशी भांडायचं नसतं, त्याला कंटाळा आणायचा असतो. दुपारी तो नट सुटला. मग चाक सुटेना. मी दोन्ही गुडघे चाकाखाली लावून ते एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून ओढत राहिले, आणि ते एकदम असं सुटलं की मी चाकासकट सीटवर मागे आपटले. बाजूला इंजिन हवेत लोंबकळत होतं, तिघे त्याच्याकडे मान वर करून बघत होते. माझ्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

चाकाच्या कडेचं काळं आवरण जागोजागी तडकलं होतं. ते मी दुरुस्तीला म्हणून पिशवीत घालून घरी आणलं.

लवकरच एक घोळ झाला. गिअरबॉक्स मास्तरांनी आणि नवऱ्याने खोलला होता, आणि बसवायला घेतला लेथवाल्याने. सगळं घट्ट आवळून झाल्यावर टेबलावर तीन वायसर उरले. ते कुठले ते कुणालाच सांगता येईना. सगळा गिअरबॉक्स परत उतरवावा लागला. तेव्हा मास्तरांनी शेडच्या दारावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं: ज्यानं खोललं त्यानंच बसवायचं. शिक्षकाचं अक्षर, खाली रेघही मारली. पावसाळ्यात खडू धुऊन जायचा, की ते परत लिहायचे. हा नियम त्या शेडमध्ये प्रार्थनेइतका पाळला गेला. लेथवाला गणपतीला गावी जाऊन तिकडेच रमला तेव्हा क्लच त्याची वाट पाहत पडून राहिला, पण दुसऱ्या कुणी हात लावला नाही.

डॅशबोर्ड मी खोलला, म्हणून वायरिंग माझ्या वाट्याला आलं. बाहेरच्यांना वाटायचं मी डबा घेऊन जाते. डबाही न्यायचे, पोहे नाहीतर साबुदाण्याची खिचडी, आणि तो डबा जेवढा लोकांच्या लक्षात राहिला तेवढं वायरिंग कुणाच्या राहिलं नाही.

मत्सर कशाकशाचा वाटावा याला काही धरबंध नव्हता. नवऱ्याच्या नखांतलं काळं मला सहन व्हायचं नाही. सोमवारी बँकेत तो ती नखं मिरवायचा, लोक विचारायचे, तो सांगायचा. माझी नखं मी रविवारी संध्याकाळी लिंबाच्या सालीने घासून काढायचे, कारण बाईच्या नखात ग्रीस दिसलं की लोक आधी स्वयंपाकाचा विचार करतात. सासूबाई गावाहून आल्या की त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायच्या, दमतो गं माझा लेक. मी त्याच गाडीखाली त्याच्याइतकाच वेळ पडून आलेली असायचे.

आणि ती सीट. ड्रायव्हरची सीट आम्ही नव्या चामड्याने मढवून घेतली, तेव्हापासून नवरा तिच्यावर वेटोळं घालून बसल्यासारखा. काम संपलं की तो आत बसायचा, मोकळा गिअर हलवायचा, हवेतच चाक फिरवायचा, तोंडाने आवाज काढायचा. मी दाराच्या मुठीला हात लावला रे लावला की विचारायचा, "हात पुसलेस का?" दर वेळी. मी पुसलेले असायचे. तरी त्या प्रश्नाने माझा पाय बाहेरच राहायचा. मग तो उतरायचा आणि म्हणायचा, चल, उशीर झाला.

बॅटरीचा किस्सा सांगते, मग माझं रक्त का आटायचं ते कळेल. पहिल्यांदा बॅटरी जोडली ती नवऱ्याने, सगळे जोडतात तशी, उणेची वायर बॉडीला. अ‍ॅम्पिअरचा काटा उलटा पळाला. त्याने चटकन काढून घेतली. तिघे वायरिंगला म्हणजे मला नावं ठेवायला लागले. मी बॅटरीच्या जुन्या वायरी हातात घेऊन पाहिल्या. बॅटरीची अधिकची खुंटी उणेच्या खुंटीहून थोडी जाड असते, आणि बॉडीला जाणाऱ्या वायरीचा पट्टा मोठ्या मापाचा होता. म्हणजे या गाडीत अधिकचं टोक बॉडीला जायचं. उलटी जोडली. काटा सरळ आला, दिवे लागले. लेथवाला म्हणाला, "वहिनी, मानलं." मास्तरांनी टाळी दिली. मला वाटलं, चला, नाव झालं.

पुढे एका रविवारी मुंबईहून जुन्या गाड्यांचे शौकीन आले, चार-पाच जण, दोन गाड्या घेऊन. या मंडळींची एक चांगली रीत होती. कुणाकडे जास्तीची वस्तू असेल तर ती विकायची नाही, ज्याला हवी त्याला देऊन टाकायची. एकाने आमच्यासाठी बाजूच्या दिव्याची काच आणली होती. त्याने ती नवऱ्याच्या हातात ठेवली. आमचा दिवा फुटलाय हे पत्र लिहून कळवलं होतं मी. मग ते बॉनेटभोवती गोल उभे राहिले आणि नवरा सांगू लागला, "या जुन्या ब्रिटिश गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थिंग असतं बघा. आमच्या आलं लक्षात, पट्ट्याच्या मापावरून."

पाहुण्यांनी माना डोलवल्या. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. माझा असा तिळपापड झाला की एका कपातला चहा बशीत सांडला. आयत्या पिठावर रेघोट्या ओढाव्यात त्याही किती. लेथवाल्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. मास्तर काच पुसत बसले. नंतर सगळ्यांचा गाडीबरोबर फोटो निघाला. तो मी काढला, म्हणजे त्यात मी नाही.

तरी हे सगळं मी नवऱ्याला लबाड ठरवायला सांगत नाही. तो लबाड नव्हताच. त्याला खरोखरच तसं आठवत होतं. माणसं त्याच्याकडे बघून बोलायची, वस्तू त्याच्या हातात द्यायची, आणि तो हात पुढे करायचा. एवढं सोपं होतं ते त्याला. मला हेवा वाटायचा तो त्या सोपेपणाचा.

त्या वाडीत माझ्यासारखी जळणारी आणखी एक बाई होती, हे मला उशिरा कळलं. मास्तरांची आई. लाल लुगडं नेसायची, सत्तरीच्या पुढची, फुलांच्या वाफ्यात दिवसभर वाकलेली. मास्तरांशी ती घरच्या बोलीत बोलायची, त्यातलं मला अर्धंच समजायचं. माझ्याशी मात्र मुद्दाम सावकाश, पुस्तकातलं मराठी काढून बोलायची. नवऱ्याला कावीळ झाली त्या दिवसांत आमची दोस्ती झाली.

ती कावीळही या गोष्टीत महत्त्वाची आहे. दोन्ही कार्बोरेटर नवऱ्याने खोलले होते, धुऊन पुसून परातीत मांडून ठेवले होते, आणि तो पिवळा होऊन पलंगाला खिळला. मी म्हटलं, मी बसवते, कसे खोललेत ते मी पाहिलंय. उशीवरून डोकं न उचलता तो म्हणाला, "अजिबात नाही. मी खोललेत, मी बसवीन. नियम आहे." मी मास्तरांकडे दाद मागितली. मास्तर खजील झाले, पण म्हणाले, "वहिनी, नियम सगळ्यांना सारखा. नाहीतर परत वायसर उरतील." नवरा उठून हिंडायला लागेपर्यंत गाडी तशीच. मी रविवारी जायचे, वायरींना टेप गुंडाळायचे आणि परातीतल्या त्या कार्बोरेटरांकडे बघत बसायचे. उसाच्या रसाचे ग्लास नवऱ्याला मीच भरून द्यायचे, हेही सांगून ठेवते.

अशाच एका रविवारी मास्तरांची आई पदराला हात पुसत शेडमध्ये आली आणि गाडीच्या कडेवर टेकली.

"बाय, तू हिच्यात बसलीस काय कधी?"

"कामाशिवाय नाही."

"मी पन नाय," ती म्हणाली. पुस्तकी मराठी तेवढ्यापुरतं सुटलं. मग सावरून सावकाश सांगू लागली. भाऊ बोटीवरून आला की गाडी बाहेर काढायचा, सगळं गाव बघायला. तिने एकदाच म्हटलं, मला चर्चपर्यंत ने. तो म्हणाला, तुझ्या पायाला माती आहे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाजूच्या सीटवर केळीचे घड ठेवून बाजाराला घेऊन गेला. "केळ्यांना नेलं. त्यांच्या बुडाला चीक होता, तो चालला." एवढं बोलून ती मोगऱ्याच्या वाफ्याकडे निघून गेली. इतक्या वर्षांनी ती केळ्यांवर जळत होती. मला फार बरं वाटलं.

कार्बोरेटर बसले. डेंटिंग झालं, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, पॉलिश पेपरने घासून घासून सगळ्यांची बोटं सोलवटली. पहिला रंग गडद हिरवा होता हे डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला मला सापडलं, तोच दिला. आता एकविसावं शतक उजाडून गेलं होतं, वसईत नव्या गाड्यांचा सुळसुळाट झाला होता, आणि आमची अजून शेडच्या बाहेर यायची होती. नाताळच्या आधीच्या एका रविवारी इंजिन सुरू झालं. बटण नवऱ्याने दाबलं. आधी खोकलं, मागून धूर आला, मग असा घुमला आवाज की वाडीतली कुत्री भुंकत आली. तिघांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. माझ्याशी लेथवाल्याने हात मिळवला.

"पुढच्या रविवारी गावातून फेरी," नवरा म्हणाला. "मी आणि मास्तर."

सीटा दोनच. एक गाडीच्या मालकाची, एक त्याची. इतक्या सहज वाटप झालं की कुणी श्वाससुद्धा जास्तीचा घेतला नाही.

घरी आल्यावर मी म्हटलं, "अहो, पहिली फेरी मी मारणार असं ठरलं होतं."

तो खरोखर बुचकळ्यात पडला. "कधी?"

"स्कूटरवर."

"अगं, ते..." तो हसला. "तू नंतर बस की. शेजारी."

शेजारी. लग्नाआधी जीप चालवणाऱ्या, जिचं लायसन त्याच्या लायसनहून जुनं आहे अशा बाईला तो शेजारी बसवणार होता. त्याने स्वतःचं चारचाकीचं लायसन आदल्या वर्षी काढलं होतं, कुणाची गाडी हातात घेतली तरी चढावर ती अजून मागे जायची त्याची. मी जेवले नाही. त्याला वाटलं, पित्त झालं.

त्या आठवड्यात मी स्टिअरिंगचं चाक कपाटातून काढलं. ते माझ्या जुन्या सुती साडीत गुंडाळलेलं होतं. तडे मी केव्हाच भरले होते, गॅलरीत बसून एकेक, घासून काळं पॉलिश दिलं होतं. भाजी शिजेपर्यंत ते मांडीवर घेऊन बसायची सवय मला केव्हा लागली कळलं नाही. डावीकडे वळवायचं, उजवीकडे वळवायचं, कुकरच्या शिट्या मोजायच्या. शेडमध्ये त्या चाकाची आठवण काढायची कुणाला गरज पडली नव्हती, कारण गाडी इतकी वर्षं ढकलूनच हलत होती. शनिवारी नवऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "अगं, चाक कुठाय? उद्या लागेल."

"आहे," मी म्हटलं. "आणते."

रविवारी गासमध्ये घरोघरी कागदी तारे टांगलेले होते. मिस्सा सुटल्यावर फादर वाडीत आले, त्यांनी गाडीवर पवित्र पाणी शिंपडलं, मग लेथवाल्याने पुढच्या चाकापाशी नारळ फोडला. दोन्हीकडची सोय झाली. नवऱ्याने पांढरा शर्ट घातला होता, टोपी आणि काळा चष्मा. मास्तरही चर्चच्या सदऱ्यातच. मी गुंडाळलेल्या जुन्या साडीतून चाक बाहेर काढलं तेव्हा सगळे थबकले. ते नव्यासारखं चकाकत होतं.

"आण," नवऱ्याने हात पुढे केला. नेहमीसारखा, सोपा.

मी चाक दिलं नाही.

"चाक मी खोललंय," मी म्हटलं.

"अगं, एक नट तर आहे."

"कार्बोरेटरला चारच बोल्ट होते."

लेथवाल्याला एकदम खोकला आला. मास्तर शेडच्या दाराकडे बघत राहिले. खडूची अक्षरं तिथे होतीच, त्यांनीच गेल्या पावसाळ्यानंतर गिरवलेली, रेघेसकट. त्यांनाही आज बसायचं होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण गणिताचे मास्तर. "नियम आहे," ते म्हणाले.

मी ड्रायव्हरच्या दारापाशी गेले. नवऱ्याचं तोंड सवयीने उघडलं. त्याने काही विचारायच्या आधी मी दोन्ही तळवे त्याच्यासमोर धरले आणि आत बसले.

पुढची चाकं सरळ आहेत का, हे लेथवाल्याने वाकून पाहून सांगितलं. मी चाकाचे दोन दांडे आडवे धरून शाफ्टाच्या खाचांत बसवले. वायसर, मग नट. पाना लावून आवळलं, हॉर्नचं बटण दाबून बसवलं. पाय पेडलांना लागले होते. इतकी वर्षं या गाडीच्या खाली, आत, उलटी, आडवी, सगळ्या तऱ्हेने पडून झालं होतं. अशी चालवायची म्हणून, समोर तोंड करून मी पहिल्यांदा बसले होते.

"झालं?" नवरा म्हणाला. किल्ली त्याच्या हातात होती. "उतर आता."

"किल्ली द्या."

"अगं, लोक बघतायत."

खरंच बघत होते. फादर होते, कुंपणापलीकडे अर्धं गाव होतं. तेवढ्यात दुसऱ्या बाजूचं बुटकं दार उघडलं. मास्तरांची आई लुगडं सावरून, आधी एक पाय मग दुसरा असं करत शेजारच्या सीटवर बसली. दार तिने आपलं आपणच ओढून घेतलं.

"आई," मास्तर म्हणाले.

तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "चल बाय. मला चर्चपर्यंत ने."

सीटा दोनच. दोन्ही भरल्या. नवऱ्याने किल्ली माझ्या तळहातावर ठेवली.

पहिल्या गिअरला गाडीने थोडा झटका खाल्ला, दुसऱ्याला सरळ झाली. वाडीतून रस्त्याला लागलो. रस्ता इतका जवळून जात होता की खडे मोजता यावेत. केळी, मोगऱ्याचे वाफे, विहीर, कट्ट्यावर उठून उभी राहिलेली माणसं. सरळ रस्त्यावर मी मुद्दाम हात ढिले सोडले. दोन्ही दांडे आडवे, एका रेषेत. गाडी तिळभर कुठे ओढत नव्हती. आईने एक हात दारावरून बाहेर सोडला होता आणि दुसऱ्याने पदर डोक्यावर घट्ट धरला होता. चर्चपाशी मी वळवायला लागले तर म्हणाली, "बाजारापरयंत जाऊ." जिथवर केळी गेली होती तिथवर आम्ही गेलो.

परत वाडीत शिरले तेव्हा नवरा फाटकात उभा होता. टोपी हातात. त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला ओळखीचं काहीतरी दिसलं. ते तोंड मी आमच्या घरच्या आरशात वर्षानुवर्षं पाहिलं होतं, रविवारी संध्याकाळी, लिंबाच्या सालीने नखं घासताना. त्याने हसायचा प्रयत्न केला, ते हसू मधेच अडकलं. त्याने गाडीच्या कडेवर हात ठेवला, मग उचलून घेतला, मग परत ठेवला.

"कशी चालते?" त्याने विचारलं.

"चांगली."

"क्लच?"

"थोडा वर धरतो."

मास्तर आईला उतरवत होते. तिची उतरायची घाई नव्हती. इंजिन चालूच होतं. नवरा वळसा घालून माझ्या बाजूला आला आणि त्याने दाराच्या मुठीला हात लावला.

"हात पुसलेत का?" मी विचारलं.

लेथवाला या वेळी खोकला नाही. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या तळव्यांकडे. मग खिशातून रुमाल काढून त्याने ते पुसले, दोन्ही, एकेक बोट.

मी जरा वेळ तशीच बसून राहिले. मग उतरले.